बांध दोन सऱ्या आत आलाय. मोजणी लावू की गप्प बसू?

नदीकाठचा_गडी | १२ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या पूरपट्ट्यात. मी गोकुळ शिरगावला नोकरीला, रानात फक्त शनिवार-रविवार. वडिलोपार्जित रान सातबाऱ्याला ३८ आर. पूर्वेला अण्णांचं रान. अण्णा भावकीतले नव्हेत, पण आजोबांच्या काळापासूनचे बांधकरी. दोन्हीकडं ऊस.

आजवर रान वाटेकरी बघायचा. यंदा लावण मी स्वतः उभं राहून केली. कॉलेजात असताना उत्तरेच्या अंगाला, बांधापासून विहिरीच्या पायवाटेपर्यंत, साडेचार फुटी २४ सऱ्या पडायच्या हे मला पक्कं आठवतंय, कारण पाण्याची पाळी माझ्याकडं असायची. यंदा पडल्या २२. अण्णांचा पोरगा ट्रॅक्टर चालवतो तो नांगराचा फाळ बांधाला घासूनच. दरवर्षी तासभर, म्हणजे नांगराचं एक तास हो, बांध कोरत आलाय अशी माझी खात्री आहे.

अण्णांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या आबाला इचार." आबांना, म्हणजे वडिलांना, विचारलं तर, "जाऊ दे मर्दा, बांध कोरून कोण मोठा झालाय?" म्हणजे दोन्हीकडून मीच मूर्ख. परवा पोराशी बाचाबाची झाली, गचांडी धरायचीच बाकी होती.

माझा विचार असा की तारेचं कुंपण मागवावं आणि माझ्या हिशोबानं जिथं हद्द आहे तिथं ठोकून मोकळं व्हावं. की आधी पोलिसांत जाऊ? तहसीलदार? वकील? कुणी यातनं गेलं असेल तर सांगा.

---

रांगडा_कागलकर | १२ नोव्हेंबर

भावा, विचारतोस काय? रविवारी जेसीबी सांग, सकाळी सहाला बांध हाणून काढ. मग बघू कोण काय करतंय. नाद नाय करायचा.

---

वकीलबाई | १२ नोव्हेंबर

कागलकर, तुमच्यासारख्या सल्लागारांमुळेच आमच्या चुली पेटतात, तेव्हा धन्यवाद. धागाकर्ते, असलं काही करू नका. कुंपणही नको. सविस्तर रात्री लिहिते, आता कसबा बावड्यात न्यायसंकुलात आहे.

---

साखळी_आणे | १२ नोव्हेंबर

भूमापन खात्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालोय. तुमच्यासारखी भांडणं शेकड्यांनी बघितली. पहिली गोष्ट, "माझ्या हिशोबानं हद्द" हे डोक्यातनं काढा. २४ सऱ्या हा पुरावा नव्हे. सरी कधी चार फुटी पडते, कधी साडेचार, आणि पायवाट तर ढोरांच्या मर्जीनं सरकते.

दुसरी गोष्ट. सातबारा तुमचं रान *किती* ते सांगतो, *कुठं* ते सांगत नाही. लोक सातबारा घेऊन टेप लावतात, दोन आर कमी भरलं की शेजाऱ्याच्या नावानं बोंब. हद्द कुठं ते नकाशा सांगतो, आणि नकाशाच्या पोटात जी मापं असतात ती सांगतात. तेव्हा सातबारा आणि आठ-अ तर काढाच, पण भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातनं गटाचा नकाशा, टिपण (मूळ मोजणीची मापं), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशोब), पोटहिस्सा पडला असेल तर फाळणी (हिस्स्यांचा नकाशा) आणि आकारफोड (हिस्सेवार क्षेत्र आणि आकार), एवढ्याच्या नकला मागा. तुमचा गट एकत्रीकरणात पडला असणार, म्हणजे १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली. त्यामुळं जुना सर्व्हे नंबर कोणता होता तेही बघून ठेवा. भांडणाची अर्धी मुळं जुन्या नंबरावरनं गटावर येताना झालेल्या गोंधळात सापडतात.

टिपण हातात आलं की घाबरू नका, मापं मीटरमध्ये नसतील. ती शंकू साखळीची. एक साखळी म्हणजे ३३ फूट, आणि तिचे १६ आणे. म्हणजे एक आणा दोन फुटांना जरासा वर. साखळी गुणिले साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. आमचे जुने साहेब साखळी अंथरायच्या आधी एकेक कडी बोटानं चाचपून बघायचे. एक कडी वाकडी असली तर दहा साखळ्यांत काय होतं विचार करा.

तर, हद्दकायम मोजणीचा अर्ज द्या. हल्ली ऑनलाइन होतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार, फी प्रकारावर आणि क्षेत्रावर. अर्जात चारही बाजूंच्या लगतधारकांची नावं पूर्ण आणि बरोबर द्या. एकाला नोटीस पोचली नाही की पुढं तो म्हणणार, माझ्या माघारी मोजली. आणि उभ्या उसात मोजणी लावू नका. कारखान्याची तोड होऊ दे, खोडव्याला कोंब फुटायच्या आत करा.

---

नदीकाठचा_गडी | १२ नोव्हेंबर

साखळी_आणे काका, मनापासून धन्यवाद. एक बावळट प्रश्न. मोबाइलवर गटाचा नकाशा आणि उपग्रहाचं चित्र एकमेकांवर ठेवता येतं, मी ठेवून बघितलं. त्यात हद्द अण्णांच्या रानात चांगली आत दिसते. हे चालेल का?

---

साखळी_आणे | १३ नोव्हेंबर

चालेल, भिंतीवर लावायला. मोबाइलच्या जीपीएसला चार-पाच मीटरचा फरक सहज पडतो आणि तुमचं सगळं भांडण तीन मीटरच्या आतलं. खाजगी मोजणीवाला आणलात तर निदान स्वतःच्या माहितीला उपयोग होईल, पण अण्णा तो नकाशा कशाला मानतील? सरकारी मोजणीला आता रोव्हर वापरतात. तो कायम बसवलेल्या संदर्भ केंद्रांशी जोडलेला असतो, त्याची चूक सेंटिमीटरात.

---

पेठेतला_बोळ | १३ नोव्हेंबर

शिवाजी पेठेतला माणूस शेतीवर काय बोलणार, तरी आमचं सांगतो. आमच्यात आणि शेजाऱ्यात दीड फुटाचा बोळ. दोन्ही घरांची खापरी कौलं, पागोळ्यांचं पाणी त्या बोळात. आजीचं शास्त्र सोपं होतं, "आमचं पाणी पडतं तिथवर आमचं." शेजारच्या आजीचंही तेच. पाणी दोघींचंही त्याच बोळात पडायचं, त्यामुळं पन्नास वर्षं भांडण झालं नाही. मग दोन्हीकडं स्लॅब आले, पागोळ्या गेल्या, आणि बोळ कुणाचा हा प्रश्न उभा राहिला. अकरा वर्षं तारखा.

शहरात सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड. आमचं ए वॉर्ड. सिटी सर्व्हेच्या वेळच्या चौकशी नोंदीत शेवटी सापडलं की बोळ सामाईक. ती नकल पहिल्या वर्षी काढली असती तर दोन्ही म्हाताऱ्यांनी बघितली असती.

---

वकीलबाई | १३ नोव्हेंबर

काल राहिलं, आज लिहिते.

पोलीस. मारामारी, धमकी असेल तर जा, जरूर जा. "बांध कोरला" म्हणून गेलात तर दिवाणी बाब आहे म्हणून समजपत्र देऊन परत पाठवतील, आणि ते चूकही नाही.

कुंपण. आज ती पट्टी अण्णांच्या वहिवाटीत आहे. तुम्ही दांडगाईनं आत शिरलात तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ते सहा महिन्यांच्या आत दावा टाकून ताबा परत घेऊ शकतात. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच निघत नाही. म्हणजे जमीन तुमची असूनही पहिला निकाल तुमच्या विरोधात. कागलकरांना जेसीबीचं भाडं तेवढं द्या.

मोजणी. साखळी_आणे यांच्याशी शंभर टक्के सहमत, फक्त एक भर. मोजणीवाला हद्द *दाखवतो*, ताबा *देत नाही*. मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशात, म्हणजे 'क' प्रतीत, अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही येतात. अतिक्रमण निघालं आणि शेजारी हटला नाही तर दिवाणी कोर्टच. तिथं हद्दीचा वाद असला की कोर्ट बहुधा कमिशनर म्हणून पुन्हा मोजणीच करून घेतं, दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश २६ नियम ९. म्हणजे फिरून भोपळे चौकात.

बारा वर्षं. याला हलक्यात घेऊ नका. समोरचा उघडपणे, तुमच्या हक्काविरुद्ध, सलग बारा वर्षं कब्जात राहिला तर विरुद्ध ताब्याचा मुद्दा येतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर सांगितलं की अशा ताब्याच्या बळावर तो स्वतः फिर्यादी म्हणूनही येऊ शकतो. म्हणून "जाऊ दे" किती वर्षं चाललंय ते आधी शोधा.

आणि हो, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. अपिलाला मुंबई गाठायला नको म्हणून लोकांना लढायचा हुरूप आलाय. तुम्हाला येऊ देऊ नका.

---

माहेरवाशीण | १४ नोव्हेंबर

एक विचारू? सातबाऱ्यावर आबांशिवाय कुणाकुणाची नावं आहेत? आमच्यात मोजणीच्या दिवशी कळलं की माझं आणि माझ्या बहिणीचं नाव आहे आणि आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. मी चिडून सही दिली नाही. तीन महिने अडलं. जमीन नको होती हो मला. नुसता एक फोन हवा होता.

---

नदीकाठचा_गडी | १४ नोव्हेंबर

बापरे. दोन आत्या आहेत. एक गडहिंग्लजला, एक इचलकरंजीला. रविवारी जातो. मोकळ्या हातानं जात नाही.

---

कृषी_पदविका | १५ नोव्हेंबर

सलोखा योजना बघा की. एकाच्या नावावरची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं असेल तर अदलाबदलीचा दस्त होतो. मुद्रांक हजार, नोंदणी फी हजार. २०२३ पासून आहे. आमच्या शिरोळ भागात दोन दस्त माझ्या डोळ्यासमोर झालेत.

---

रांगडा_कागलकर | १५ नोव्हेंबर

त्यांची कुठं अण्णाच्या रानात जमीन आहे अदलाबदल करायला? अण्णानंच एकतर्फी खाल्लीय. वाचत जावा आधी.

---

नदीकाठचा_गडी | २ मार्च

मंडळी, मोजणी झाली. शनिवारी. थोडं लांबण लावतो, कारण जे झालं ते मला अजून पचलेलं नाही.

ऊस फेब्रुवारीत गेला, पाचट कुटी केली, रान मोकळं. सर्वेयर साहेब साडेआठला हजर. काठीच्या टोकाला पांढरी तबकडी, हातात टॅब, बरोबर एक माणूस चुन्याची पिशवी घेऊन. आमच्याकडून मी, आबा, आणि खास आलेली गडहिंग्लजची आत्या. समोरून अण्णा, पोरगा आणि त्यांचे दोन भाऊबंद. पोरानं आल्या आल्या जाहीर केलं, "आम्ही कशावरबी सही करणार न्हाई." साहेब वर न बघता म्हणाले, "नका करू. सही दिली नाही असं पंचनाम्यात लिहितो." तो आवाज खाली आला.

आधी त्यांनी आमच्या बांधाला हातच लावला नाही. गटाच्या पार पश्चिमेचा दगड, मग विहिरीकडचा तीन गट मिळतात तिथला दगड, मग ओढ्याच्या अंगाचा, अशी जुनी ठिकाणं पकडत तासभर फिरले. मग उत्तरेच्या टोकाला आले. काठी टेकवली ती बांधाच्या पलीकडं, अण्णांच्या रानात. टेप लावला, सात फूट. चुना पडला. खोटं कशाला बोलू, मी अण्णांच्या पोराकडं बघून घेतलं. चांगलं दोनदा.

तिथनं दक्षिणेकडं निघालो. बांध ३३० फूट लांब. चालता चालता साहेब बांधाजवळ सरकायला लागले. पोल जवळ आला तेव्हा ते बांध ओलांडून *अलीकडं* आले होते. शेवटची काठी टेकवली ती आमच्या खोडव्यात. चार फूट आत. मी म्हणालो, "साहेब, मशीन परत एकदा बघा." त्यांनी निमूटपणे परत बघितलं. तेच.

तेवढ्यात आबा, जे सकाळपासनं बांधावर पंचा टाकून बसले होते, म्हणाले, "तिथं खणा."

पहार आणली. वरचा थर सगळा पुराचा गाळ, काळा, लोण्यासारखा. अडीच फुटांवर पहार खणकन वाजली. दगड. वर टाकीनं पाडलेली खूण. चुन्यापासून वीतभर अंतरावर.

मग आबा बोलले. २०१९ च्या पुरात बांध गेला होता. त्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४३. आमचं रान दहा-बारा दिवस पाण्याखाली. पाणी उतरलं तर बांध नाही, दगड नाही, दोन रानांचं एक रान झालेलं. मी तेव्हा पुण्यात ट्रेनिंगला. आबा आणि अण्णांनी बांधावरची बाभूळ ते दक्षिणेचा लाइटचा पोल अशी सुतळी धरली आणि बांध घातला. दोघांनीच. "दगड कुटंतरी खाली हाय ठावं हुतं. पर त्या चिखलात कोण हुडकणार? आनी हुडकून करायचं काय, ऊस दोघांचाबी कुजलेला."

अण्णा म्हणाले, "पोल रोवणाऱ्यानं काय हद्द बघून रोवलाय व्हय?" आणि हसले. आबाही. मी आणि अण्णांचा पोरगा तेवढे तोंडाकडं बघत उभे.

"तुझ्या आबाला इचार" याचा अर्थ मला चार महिन्यांनी कळला.

घरी येताना आबांना विचारलं, आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, "तू इचारायला कुटं आल्तास. तू सांगायला आल्तास."

---

साखळी_आणे | २ मार्च

वा. अडीच फुटांवर! पूरपट्ट्यात हे फार होतं. दगड बहुतेक वाहून जात नाही, तो गाडला जातो. लोक मात्र "दगड गेला" म्हणतात.

आता तुमचा हिशोब मांडतो. सरळ सुतळी तिरकी पडली, त्यामुळं दोन त्रिकोण झाले. उत्तरेला ७ फूट, दक्षिणेला ४, लांबी ३३०. म्हणजे उत्तर टोकापासून २१० फुटांवर दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. वरचा त्रिकोण ७ × २१० भागिले २, ७३५ चौरस फूट, तुमचा त्यांच्याकडं. खालचा ४ × १२० भागिले २, २४० चौरस फूट, त्यांचा तुमच्याकडं. वजाबाकी ४९५. अर्धा गुंठासुद्धा नाही.

---

कृषी_पदविका | २ मार्च

एकरी ४० टन धरा, म्हणजे गुंठ्याला टन. अर्ध्या टनाला थोडा कमी ऊस झाला. टनाला साडेतीन हजार धरले तरी वर्षाला सोळाशेच्या आसपास. तोड-वाहतूक न कापता.

आणि कागलकर, निघाली की नाही अण्णांची जमीन यांच्याकडं? सलोखा योजनेत बसतंय सगळं.

---

वकीलबाई | ३ मार्च

नाही बसत. त्या योजनेला बारा वर्षांचा ताबा लागतो. २०१९ च्या पुराला बारा वर्षं कुठं झालीत? त्याच कारणानं विरुद्ध ताब्याचंही भूत इथं नाही, शिवाय बांध दोघांच्या संमतीनं घातलेला.

तुमचं काम त्याहून सोपं आहे. कुणी कुणाला जमीन देत नाहीये, फक्त बांध मूळ रेषेवर परत जातोय. हस्तांतर नाही, म्हणून खरेदीखत नको. 'क' प्रत आली की तिचा नंबर-तारीख घालून साधा समजुतीचा कागद करा. दोन्हीकडच्या *सगळ्या* खातेदारांच्या सह्या, आत्यांसकट. पाणी, वाट, झाड जे काही त्या पट्टीत आहे ते त्यात लिहा. उद्या आबा आणि अण्णा नसतील, तेव्हा सुतळीची गोष्ट सांगणारं कुणी नसेल. पोराचा सूर अजून वाकडा वाटला तर दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत तडजोड करून घ्या. तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, वर अपील नाही.

---

नदीकाठचा_गडी | ३ मार्च

पोराचा सूर वाकडाच आहे. त्याला वाटतं चार फुटांच्या बदल्यात सात फूट जाणार. निमताना, म्हणजे फेरमोजणी, लावतो म्हणतोय.

---

साखळी_आणे | ३ मार्च

लावू द्या, हक्क आहे त्याचा. निमताना मोजणी उपअधीक्षक करतात, तीही पटली नाही तर वर जिल्हा अधीक्षकांकडं सुपर निमताना. पण जमिनीतनं दगड निघालाय. दगडावर अपील करून तो कुठं जाणार आहे? त्याला एकदा टिपणाची नकल दाखवा आणि आणे मोजायला त्यालाच बसवा. मी हा प्रयोग पुष्कळदा केलाय. माणूस स्वतः मोजतो ते त्याला पटतं.

---

नदीकाठचा_गडी | १९ एप्रिल

शेवटचं अपडेट. निमताना लागली नाही. 'क' प्रत आल्यावर अण्णांच्या पोराला टिपण घेऊन बसवलं, आमच्याच सोप्यात. एक साखळी म्हणजे ३३ फूट, एक आणा म्हणजे दोन फूट आणि पाऊण इंच, कॅल्क्युलेटरवर त्यानंच केलं. एका जागी त्याचं माझ्याहून बरोबर निघालं. मग तो जरा खुलला.

कागद झाला. दोन्ही आत्या आल्या. इचलकरंजीच्या आत्यानं सही करायच्या आधी सगळा कागद मोठ्यानं वाचून घेतला आणि त्यात एक चूक काढली, गट नंबरात एक आकडा उलटा पडला होता. अण्णांची नदीवरनं येणारी पाइपलाइन आमच्या दक्षिणेच्या कोपऱ्याखालून जाते, ती तशीच राहील आणि दुरुस्तीला चर काढता येईल, तोही पिकाची नुकसानी देऊन, असं लिहिलं. बाभूळ नव्या रेषेनं पूर्ण आमच्यात आली. तिचं कागदात लिहायचं राहिलं.

बांध सरकवायला ट्रॅक्टर अण्णांच्याच पोराचा. डिझेल निम्मं निम्मं. जुना दगड आहे तिथंच ठेवला, त्याला लागून वर दिसेल असा सिमेंटचा खांब रोवला, उत्तरेलाही एक. खांबाच्या बुडाला आबांनी कोळसा आणि फुटकी कौलं टाकायला लावली. म्हणाले, खांब गेला तरी कोळसा कुजत न्हाई.

---

साखळी_आणे | १९ एप्रिल

आबांना माझा नमस्कार सांगा. जुने लोक असंच करायचे.

---

रांगडा_कागलकर | १९ एप्रिल

मी तर पहिल्यापासनं म्हणत होतो सामोपचारानं घ्या. 😀

---

माहेरवाशीण | २० एप्रिल

चूक काढणाऱ्या आत्यांना माझ्याकडून एक साडी.

---

नवा_सभासद_इचलकरंजी | ११ मे

उत्तम धागा, एका बैठकीत वाचला. माझी केस जरा वेगळी आहे. शेजारी सख्खा मेहुणा, रान त्याच्या नावावर, विहीर माझ्या नावावर, आणि विहीर निघाली त्याच्या रानात. काय करावं?

---

साखळी_आणे | ११ मे

नवा धागा काढा. आणि गटाचा नकाशा हाताशी घेऊन बसा.